छावणीचे मागचे दार

फाळणीच्या इतिहासाची पाने उलटताना एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. वाटाघाटी, करार, सीमा, दंगली, कत्तली यांची वर्णने विपुल आहेत, आणि ती असावयासच हवीत. परंतु सीमा ओलांडून आलेला माणूस पहिल्या रात्री कोठे निजला, त्याच्या डोक्यावर छप्पर आले कोठून, आणि त्या छपराखालून तो बाहेर केव्हा पडला, या प्रश्नांच्या वाटेस फारसे कोणी जात नाही. हा खलित्यांचा आणि तक्त्यांचा विषय इतिहासकारांस रुक्ष वाटत असावा. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत अशाच तक्त्यांच्या सोबतीने दिवस काढतो, म्हणून असेल, पण आम्हांस तो रुक्ष वाटत नाही. शिवाय या मासिकाचे वाचकही बहुतेक आमच्यासारखेच, बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटलेले. सरकारी क्वार्टरच्या प्रतीक्षायादीत आपला क्रमांक वर सरकतो तो कोणी तरी निवृत्त झाला, कोणाची बदली झाली, म्हणजे कोणी तरी घर सोडले म्हणून, हे त्यांस कोणी शिकवावयास नको. निर्वासितांच्या छावण्यांचा इतिहास समजण्यास एवढे ज्ञान जवळजवळ पुरते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. छावणीची क्षमता तंबूंच्या आणि बराकींच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. शंभर तंबू, एका तंबूत पाच माणसे, म्हणजे पाचशेंची सोय झाली, असा हा हिशेब. तो एका दिवसापुरता खरा. दुसऱ्या दिवशी आणखी पाचशे आले म्हणजे आदल्या दिवशीच्या पाचशेंचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर तंबूंच्या कोठारात सापडत नाही. जेथे ते उत्तर होते तेथील छावण्या रित्या झाल्या. जेथे नव्हते तेथे छावण्यांचीच गावे झाली, आणि काही ठिकाणी तर तेवढेही झाले नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या दोन्ही प्रकारांचे नमुने आढळतात, आणि दोन्ही एकाच सरकारच्या दप्तरातले आहेत.

आरंभ दिल्लीपासून करू. ६ सप्टेंबर १९४७ रोजी केंद्र सरकारने साहाय्य व पुनर्वसन यांचे स्वतंत्र खाते काढले आणि क्षितीशचंद्र नियोगी यांच्याकडे ते सोपविले. त्या आठवड्यात राजधानीतच दंगल पेटलेली होती. दिल्लीतील मुसलमान जीव मुठीत धरून पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर यांच्या आवारांत जमले होते. पंजाबातून आलेले हिंदू आणि शीख स्टेशनांच्या फलाटांवर, रस्त्यांच्या कडेला, शाळांत आणि देवळांत पथाऱ्या पसरीत होते. एकाच शहरात एकाच वेळी जाणारे निर्वासितही होते आणि येणारेही होते. पुराना किल्ल्यातील मुसलमान पाकिस्तानच्या गाड्यांत बसून गेले, आणि पुढे त्याच तटांच्या आत पश्चिम पंजाबातून आलेल्यांची वस्ती झाली. ती कित्येक वर्षे टिकली. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या घरात होती. १९५१ साली ती १७ लाख ४४ हजारांवर गेली, आणि त्यांत निर्वासित जवळजवळ पाच लाख होते. सबंध देशाचा आकडा ७२ लाखांच्या वर होता.

एवढ्या माणसांना ठेवावयास सरकारजवळ होते तरी काय? खरे सांगावयाचे तर दुसऱ्या महायुद्धाची शिल्लक होती. सैन्याच्या रिकाम्या बराकी, ओस पडलेल्या धावपट्ट्या, आणि लष्कराच्या कोठारांतील तंबू. दिल्लीच्या उत्तरेस, १९११ च्या दरबाराच्या मैदानाजवळ, किंग्जवे कॅम्प नावाची मोठी छावणी उभी राहिली. हडसन लाइन्स, औट्रम लाइन्स अशी तिच्या भागांची लष्करी नावे होती. आज तेथील मेट्रोच्या स्थानकास गुरू तेगबहादूरनगर म्हणतात, पण दिल्लीच्या जुन्या रहिवाशाच्या तोंडी किंग्जवे कॅम्पच येतो. त्या वेळी केंद्रातील बांधकाम, खाणी व वीज हे खाते आपल्या पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होते. पाकिस्तान पत्करलेले कारकून निघून जात होते, हिंदुस्थान पत्करलेले तिकडून येत होते, आणि सरकारी नोकरांनाच घरे पुरत नव्हती. अशा शहरात निर्वासितांसाठी नवी घरे बांधून होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते. बांधकामाला वर्षे लागतात, आणि आगगाडी रोज येत होती.

दिल्लीवरील भार हलका करावयाचा तर माणसे दिल्लीच्या अलीकडेच अडविली पाहिजेत, हे ओघानेच आले. त्यातून कुरुक्षेत्राची छावणी निघाली. कौरव-पांडवांच्या रणभूमीवर तंबूंचे नगर वसावे, हा योगायोग लेखकांना मोहात पाडणारा आहे. आम्ही त्या मोहात पडत नाही, कारण तेथील आकडेच पुरेसे बोलके आहेत. छावणीची आखणी एक लाख माणसांसाठी झाली होती. काही दिवस असे गेले की एका दिवसात वीस हजार माणसे येऊन थडकली. भागाकार करून पाहिला तर असा ओघ सतत राहिल्यास ही सबंध छावणी पाच दिवसांत भरावयाची. अखेर तेथे तीन लाखांच्या आसपास माणसे झाली. शेवटच्या निर्वासिताच्या आगमनापूर्वी त्याचा तंबू उभा असावा म्हणून लष्कराचे जवान झटत होते, आणि त्यांनी केलेल्या कामाची परदेशी निरीक्षकांनीही वाखाणणी केली आहे.

या नगराला रोज शंभर टन पीठ लागे. तीन लाख तोंडांत ते वाटले तर माणशी किलोचा तिसरा हिस्सा, म्हणजे जुन्या मापाने सुमारे पावणेसहा छटाक येते. हे काही चैनीचे खाणे नव्हे. पण तेवढ्यासाठीही रोज आगगाडीच्या चार-पाच वाघिणी भरून पीठ यावे लागे. त्याशिवाय मीठ, डाळ, तांदूळ, साखर, तेल आणि सरपण. एके दिवशी वाघिणी चुकल्या तर तीन लाख माणसे उपाशी. पुरवठ्याच्या खात्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना या एका ओळीतील धास्ती कळेल. हिवाळा तोंडावर आला होता, आणि उत्तरेकडील थंडीत कापडाच्या भिंतींआड रजईवाचून रात्र काढणे म्हणजे काय, हे आमच्यापैकी जे पंजाबात राहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. अशाही स्थितीत दिल्लीच्या समाजसेवकांनी तेथे मोठा पडदा उभारून चित्रपट दाखविले. मिकी माउस आणि डोनाल्ड डक पाहावयास हजारो माणसे मैदानात बसत. लाहोर-लायलपूरची घरे जळताना पाहून आलेली मुले त्या उंदराला हसली असतील. आम्हांस त्यांत काही विसंगत वाटत नाही. छावणीत सर्वांत जास्त साठते ती रिकामी वेळ, आणि तिचा साठा शिध्यापेक्षा लवकर कुजतो.

कुरुक्षेत्र भरले कसे हे पुष्कळांनी लिहिले आहे. ते रिते कसे झाले, ही कथा जालंदरला घडली. तेथील कामाची थोरवी, आमच्या मते, अजून कोणी पुरी ओळखलेली नाही.

छावणीतील बहुसंख्य माणसे शेतकरी होती. त्यांना तंबूतून बाहेर काढावयाचे तर जमीन पाहिजे. पूर्व पंजाबातून गेलेल्या मुसलमानांच्या जमिनी ओस पडलेल्या होत्या, परंतु पश्चिमेकडे हिंदू-शिखांनी सोडलेल्या जमिनींपेक्षा त्या क्षेत्राने पुष्कळ कमी आणि बहुधा कमी कसदार होत्या. प्रथम तात्पुरता उपाय म्हणून कुटुंबामागे दहा एकर जमीन देण्यात आली. ज्याची तिकडे शंभर एकर होती त्यालाही दहा, आणि ज्याची पाच होती त्यालाही दहा. पेरणीची वेळ टळू नये, रान पडीक राहू नये, आणि माणूस तंबूतून निघावा, हे तिन्ही हेतू एका हुकुमात साधले. न्यायाचा प्रश्न पुढे ढकलला. त्या घटकेला तो ढकलणे शहाणपणाचेच होते.

मग १० मार्च १९४८ पासून कायम वाटणीसाठी दावे मागविले. महिन्याभरात पाच लाखांहून अधिक अर्ज आले. कागदपत्रे बहुतेकांची तिकडे राहिलेली. मग खरे काय आणि फुगविलेले किती, हे ओळखावयाचे कसे? त्यासाठी एक साधी युक्ती योजली गेली. एका गावच्या निर्वासितांची सभा भरवावयाची, अधिकाऱ्याने प्रत्येकाचा दावा मोठ्याने वाचून दाखवावयाचा, आणि सभेने तो मान्य, दुरुस्त किंवा अमान्य करावयाचा. सातबारा हरवला तरी शेजारी हरवत नाही! ज्याने चार एकरांचे चाळीस केले असतील त्याचा बांधकरी तेथेच मांडी घालून बसलेला असे. खोटे दावे आले नाहीत असे नव्हे. आले, आणि त्यांना शिक्षाही झाल्या.

या कामाचे सूत्रधार सरदार तरलोकसिंग नावाचे सनदी अधिकारी होते. निरनिराळ्या मगदुराच्या जमिनी एका मापात आणण्यासाठी त्यांनी ‘प्रमाण-एकर’ कल्पिला, म्हणजे क्षेत्र न मोजता उत्पन्नाची शक्ती मोजावयाची. आणि एकंदर जमीन अपुरी, तेव्हा प्रत्येकाला कात्री लावणे भाग होते. ती सर्वांना सारखी न लावता लहानास थोडी आणि मोठ्यास पुष्कळ, अशी चढती लावण्यात आली. जमीनदाराचे नुकसान मोठे झाले, पण लहान शेतकरी पोटापुरता राहिला. या एवढ्या खटाटोपासाठी सुमारे सात हजार अधिकारी-कर्मचारी जालंदरात जमा झाले होते, आणि त्यांतील बहुतेक तंबूंतच राहत होते! कामचलाऊ दिवे, कामचलाऊ संडास, आणि आपापली तात्पुरती देवस्थाने. निर्वासितांना घरी पाठविणाऱ्या कारकुनांचेच असे एक निर्वासितनगर झाले होते. नोव्हेंबर १९४९ पर्यंत त्यांनी अडीच लाख वाटण्या पुऱ्या केल्या. कुरुक्षेत्राचे मागचे दार उघडले ते या माणसांनी. त्यांची नावे कोठल्या शिलालेखावर नाहीत. पण प्रत्येक वाटणीच्या कागदावर कोणाची तरी आद्याक्षरी सही आहे.

शहरी निर्वासितांचे काम याहून अवघड होते, कारण दुकानदाराला, वकिलाला, शिंप्याला जमीन देऊन भागत नाही. त्यांच्यासाठी नवी नगरे काढण्यात आली. कुरुक्षेत्रातील काही मंडळी घेऊन सुरेंद्रकुमार डे यांनी नीलोखेडी वसविली. वायव्य सरहद्दीकडून आलेल्यांसाठी फरीदाबाद निघाले. या वसाहतींविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. येथे एवढेच नमूद करतो की पश्चिमेकडून आलेल्यांच्या छावण्यांतील मोफत शिधा १९४९ सालात आवरता घेण्यास प्रारंभ झाला. तो निर्णय कठोर होता, पण बाहेर काहीतरी होते म्हणून तो घेता आला.

येथवर आम्ही ‘ओस पडलेल्या’ जमिनी आणि ‘रिकामी’ घरे असे शब्द सहज वापरले. दप्तरात ते असेच असतात. पण घर आपोआप रिकामे होत नाही. दिल्लीतून तीन लाखांच्या वर मुसलमान गेले, आणि त्यांच्या घरांत दोन लाखांच्या आतबाहेर निर्वासितांची सोय झाली. म्हणजे राजधानीतील निवाऱ्याचा केवढा तरी मोठा वाटा दुसऱ्या निर्वासितांनी मागे टाकलेला होता. त्यांतील काही घरे तर मालक अजून शहरातच, छावणीत बसलेला असताना भरली गेली. मशिदींतही कुटुंबे राहू लागली. जानेवारीच्या थंडीत लहान मुले घेऊन आलेल्या आईला तेथून उठ म्हणणे हे कोणत्या अधिकाऱ्याला सोपे होते? आणि तिला तेथे राहू देणे म्हणजे मुसलमानांस शहर सोडा असे सांगणे, हेही तितकेच खरे होते.

गांधीजींनी १३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत उपोषण आरंभिले त्याच्या मुळाशी हीच गाठ होती. उपोषण सोडण्यासाठी ज्या अटी होत्या त्यांत मशिदी परत देणे ही एक अट होती. १८ जानेवारीस दिल्लीतील पुढाऱ्यांनी ती मान्य केली आणि उपोषण सुटले. निर्वासितांतील पुष्कळांना ही अट जाचली. आमच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेण्यासाठी हा म्हातारा उपाशी बसला आहे, अशी त्यांची भावना झाली. ती समजून न घेता तिला केवळ द्वेष म्हणणे अन्यायाचे होईल. २० जानेवारीस बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी स्फोट झाला. तो घडविणारा मदनलाल पाहवा हा पश्चिम पंजाबातून आलेला निर्वासित होता, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील विसापूरच्या निर्वासित-छावणीशी त्याचा संबंध आलेला होता. त्याच्यामागे जी मंडळी होती त्यांच्याविषयी मराठी वाचकांस अधिक सांगावयास नको. दहा दिवसांनी काय झाले तेही सर्वांस ठाऊक आहे. छावणीने माणूस खुनी होतो असे आम्ही म्हणत नाही. लक्षावधी माणसे छावण्यांतून उठली आणि दुकाने घालून, शेते नांगरून मोकळी झाली. परंतु पुढची वाट दिसत नसलेला तरुण हेरावयास छावणीचे फाटक ही सोयीची जागा असते, हे तेव्हाच्या कारस्थानी मंडळींना ठाऊक होते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि सिंधी हिंदूंचा ओघ बोटींनी मुंबईच्या बंदरात येऊ लागला. बाळासाहेब खेरांच्या सरकारने त्याच साली निर्वासितांसाठी कायदा करून त्यांची नोंदणी करण्याचा आणि त्यांनी कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार घेतला, कारण मुंबई शहरात पाय ठेवावयास जागा उरली नव्हती. जागा निघाली ती कल्याणजवळ, महायुद्धात उभारलेल्या लष्करी तळावर. दोन हजारांवर बराकी तेथे उभ्या होत्या. मधोमध लांबलचक दालन आणि टोकांना खोल्या, असे त्यांचे साधारण रूप. एका दालनात गोणपाटाचे आणि चादरींचे आडोसे करून कित्येक कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत तेथे ऐंशी हजारांवर वस्ती होती. सिंध सबंधच पाकिस्तानात गेले, तेव्हा या लोकांना पंजाब्यांप्रमाणे अर्धा प्रांत मागे उरला नव्हता; शिवाय ते बहुधा व्यापारी आणि नोकरदार होते. त्यांचे मागचे दार म्हणजे मुंबईची लोकल. सकाळी गाडीने जावे, माल विकावा, रात्री बराकीत परतावे. ही माणसे छावणीतून बाहेर पडली नाहीत, त्यांनी छावणीच बाजारपेठ करून टाकली. आजही तेथील पत्त्यांत कॅम्प नंबर एक ते पाच कायम आहेत.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकीगत यापेक्षा विलक्षण आहे. १९४३ साली, म्हणजे फाळणीच्या चार वर्षे आधी, तेथे पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभारली गेली. रशियातून सुटून इराणमार्गे आलेली ही सुमारे पाच हजार माणसे, मुख्यत्वे बायका आणि मुले. त्यांची तेथे शाळा होती, प्रार्थनामंदिर होते. पंचगंगेच्या काठी पाच वर्षे पोलिश भाषा बोलली गेली. युद्ध संपले तरी पुष्कळांना मायदेशी जावेसे वाटेना, कारण तेथे आता साम्यवादी राजवट होती. मग इंग्लंडसारखे दुसरे देश त्यांना घेण्यास पुढे आले, आणि १९४८ पर्यंत वळिवड्याची छावणी रिती झाली. त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. त्या जागी आज गांधीनगर आहे, आणि कोल्हापूरकर कापड खरेदीस तेथे जातात. एकाच छपराखाली दोन देशचे बेघर एकामागून एक राहून गेले, याची जाणीव तेथील गिऱ्हाइकांपैकी किती जणांस असेल कोण जाणे.

बंगालकडे गेले म्हणजे हेच सरकार निराळे दिसू लागते. पंजाबात जवळजवळ पुरी अदलाबदल झाली, म्हणून इकडची घरे आणि जमिनी इकडे येणाऱ्यांना देता आल्या. बंगालमध्ये तसे झाले नाही. लोक एका लाटेत आले नाहीत. १९४८, १९५०, पारपत्राची पद्धत सुरू झाली ते १९५२, पुढे १९५६, १९६४, असे येतच राहिले. केंद्र सरकारची धारणा अशी होती की हे लोक परत जातील. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत कराराचा पायाच तो होता. नियोगी आणि श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी याच सुमारास मंत्रिपदे सोडली. त्याच वर्षी निर्वासितांनी सोडलेल्या मालमत्तेच्या व्यवस्थेचा कायदा झाला, आणि त्यातून पश्चिम बंगाल, आसाम व त्रिपुरा वगळण्यात आले. कायद्याच्या पहिल्या कलमातील ही एक ओळ! जे परत जाणार त्यांची घरे दुसऱ्यास कशी द्यावयाची, हे तिचे तर्कशास्त्र. कागदावर त्यात दोष काढता येत नाही. पण माणसे परत गेली नाहीत, आणि इकडे त्यांना देण्यासारखे काही उरले नाही.

छावण्या मात्र पंजाबसारख्याच होत्या. राणाघाटजवळचा कूपर्स कॅम्प, धुबुलियाची धावपट्टी, ही सारी महायुद्धाचीच शिल्लक. सियालदह स्टेशनाचे फलाट वर्षानुवर्षे घरासारखे वापरात राहिले. ज्यांना दम निघाला नाही त्यांनी कलकत्त्याच्या दक्षिणेस पडीक जागांवर रातोरात झोपड्या बांधून वसाहती केल्या. बंगालीत त्यांना जबरदखल म्हणतात. त्यांना उठविण्यासाठी कायदा झाला, आणि बहुतेक ठिकाणी ते उठले नाहीत. मागचे दार सरकारने उघडले नाही तेव्हा त्यांनी भिंत फोडली, असे म्हणता येईल.

ज्यांना भिंत फोडण्याचे बळ नव्हते त्यांच्यासाठी दप्तरात एक वर्ग होता, ‘कायमचे दायित्व’. कमावता पुरुष नसलेल्या विधवा, म्हातारी माणसे, अपंग, आणि त्यांची मुले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांच्या छावण्यांना पी. एल. कॅम्प म्हणत. ज्या कोणी हा शब्द प्रथम टिपणात घातला त्याने दुष्टाव्याने घातला नसेल. अंदाजपत्रकात खर्चाला शीर्ष लागते, आणि हे शीर्ष अचूक होते. पण एखाद्या बाईने आपले नाव त्या यादीत पाहावे, किंवा तिच्या मुलाने त्याच नावाच्या जागी लहानाचे मोठे व्हावे, याचा विचार शीर्ष ठरविताना होत नसतो. कूपर्स कॅम्प आज नगर आहे. त्याचे सरकारी नाव कूपर्स कॅम्पच आहे.

१९५८ साली केंद्राने दंडकारण्याची योजना काढली. बंगालच्या छावण्या मिटवावयाच्या आणि माणसे मध्य भारताच्या जंगलात वसवावयाची. रायपूरजवळच्या माना येथे त्यासाठी मोठी छावणी झाली. म्हणजे एका छावणीचे मागचे दार दुसऱ्या छावणीत उघडले! नद्यांच्या आणि भातखाचरांच्या मुलखातील माणूस माळरानावर पाण्याची वाट पाहत बसला. १९७८ साली हजारो जण तेथून उठून सुंदरबनातील मरीचझापी बेटावर गेले. १९७९ च्या मे महिन्यात राज्यसरकारने त्यांना बळाने हुसकले, आणि त्यांत माणसे मेली. सर्वांची गत अशी झाली असे मात्र नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेऱ्याकडे त्या काळी आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत, आणि त्यांच्या नातवंडांचे मराठी आपल्या दिल्लीत वाढलेल्या मुलांपेक्षा चांगले असते.

हा सगळा अनुभव गाठीशी असतानाच १९७१ साल उजाडले. पूर्व बंगालमधून मार्चनंतर जे लोंढे आले त्यांची वर्षअखेरीची सरकारी नोंद ९८ लाख ९९ हजारांची आहे. १९४७ साली भारतात जे आले त्याहूनही हा ओघ, नऊ महिन्यांत, मोठा ठरला. या वेळी दिल्लीने पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावली: ही माणसे पाहुणी आहेत आणि ती परत जातील. तसे १९५० सालीही म्हटले होते. फरक एवढाच की या वेळी ते घडवून आणण्याची तयारी होती. पुनर्वसन खात्याची शाखा कलकत्त्यात बसली, कर्नल लूथरा यांच्याकडे तिची सूत्रे होती, आणि ८२५ छावण्या उभ्या राहिल्या. तंबू पुरले नाहीत तेव्हा ताडपत्री, ती पुरली नाही तेव्हा बांबू. सॉल्ट लेकला तर सांडपाण्याच्या सिमेंटच्या नळांत कुटुंबे राहिली, आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. १६ डिसेंबरला ढाका पडले. १९७२ च्या पहिल्या तीन महिन्यांत जवळजवळ सारी माणसे परत गेली. इतकी मोठी छावणी इतक्या लवकर रिती झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही. ती रिती करण्यास एक युद्ध लागले.

मात्र त्या तक्त्यातील एका रकान्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ९८ लाख ९९ हजारांपैकी छावण्यांत होते सुमारे ६८ लाख. उरलेले ३१ लाख ‘आप्तेष्टांकडे’ असे नोंदलेले आहेत. त्या साली त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख होती, आणि तेथे १४ लाखांवर निर्वासित आले होते. म्हणजे जवळजवळ माणशी एक माणूस. ज्या घरात पाच जण होते तेथे दहा झाले. पडवीत, गोठ्यात, शाळेच्या ओसरीवर. या ३१ लाखांना किती छपरे पुरली, किती पीठ लागले, कोणाच्या कणगीतले भात संपले, याचा तक्ता कोणत्याही कचेरीत तयार झालेला नाही, कारण ते भात कोणत्याही शीर्षाखाली खर्ची पडलेले नव्हते.